विषय – बांध

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. शाळेत असताना मला वर्गात उभं केलं जायचं, पण ते बोलण्यासाठी नव्हे, बोलल्याबद्दल. त्यामुळे आज उभं राहताना पाय थोडे लटपटताहेत. सर, हसू नका.

आत येताना व्हरांड्यात लावलेले फोटो आपण बघितले असतील. काहींनी विचारलं की हे कुणा मोठ्या फोटोग्राफरचं प्रदर्शन आहे का. नाही. हे सगळे फोटो आपल्याच वर्गातल्यांनी काढलेले आहेत, आणि एक-दोघे सोडले तर सगळ्यांनी मोबाईलवर काढलेले आहेत. हा उद्योग कसा सुरू झाला, आणि त्यानं माझं एक जुनं काम कसं मार्गी लावलं, तेवढंच सांगतो.

आपण १९८९ ला दहावी झालो. तीसेक वर्षांनी व्हॉट्सअॅपवर एकत्र आलो, तेव्हा पहिले चार महिने नुसती दिवाळी होती. मग रोज सकाळी फुलं, दुपारी विनोद, रात्री राजकारण. राजकारणावरून एकदा अशी जुंपली की तिघे ग्रुप सोडून गेले आणि बाकीचे गप्प झाले. वाढदिवसाचा केक सोडला तर कुणी काही टाकेना. तेव्हा आपल्यातल्या एका मैत्रिणीनं १९ ऑगस्टला एक निरोप टाकला. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली त्या दिवशी फ्रान्समध्ये फोटो काढण्याची रीत जगासमोर जाहीर झाली, म्हणून तो पाळतात. तिनं लिहिलं, "भांडायला रोज नवा विषय मिळतो, तर फोटो काढायला का नको? दर रविवारी एक विषय. आठवडाभरात प्रत्येकानं एक फोटो टाकायचा."

नियम तिनंच केले. फोटो त्याच आठवड्यात काढलेला हवा, जुना चालणार नाही. प्रत्येकाचा एकच. माणसाचा काढायचा तर आधी त्याला विचारायचं. नंबर द्यायचा नाही, पण दुसऱ्याच्या फोटोत काय आवडलं ते एका ओळीत सांगायचं. नुसता अंगठा दाखवून सुटका नाही. आणि विषय कुणी द्यायचा? हजेरीपटाच्या क्रमानं! त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना नंबरानं हाक मारायला लागलो. "बारा नंबर, तुझा फोटो कुठाय?" असं रात्री अकराला विचारलं की पन्नाशीचा माणूस "हजर" म्हणून लिहायचा.

आता माझी अडचण ऐका. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. बाहेरगावच्या लोकांना पंचतारांकित म्हटलं की हॉटेल वाटतं. माझ्या पुण्याच्या मेहुण्यानं एकदा विचारलं होतं, तुमच्याकडं जलतरण तलाव आहे का. म्हटलं, आहे, पण त्यात लोखंड असतं. तर आमच्याकडे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. आत फोटो काढायला बंदी. म्हणजे भट्टीतून लॅडलमध्ये लोखंड ओतताना जी ठिणग्यांची फुलं उडतात, साधारण चौदाशे अंशांचा तो केशरी रस साच्यात उतरताना सगळ्या शेडचा रंग बदलतो, ते मी वीस वर्षं रोज बघतोय, आणि माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. मी मैत्रिणीला कळवलं की माझं नाव काढा, माझ्याकडे काढण्यासारखं काही नाही. तिनं उत्तर दिलं, "गेटच्या बाहेर काय आहे?"

गेटच्या बाहेर काय आहे, हे मला सांगता आलं नाही. वीस वर्षं ज्या रस्त्यानं जातोय, तिथं चहाची टपरी, वडापावची गाडी, कंटेनरची रांग, शिफ्ट सुटल्यावरच्या मोटारसायकली, एवढंच डोळ्यांपुढे येईना का? पण खरंच तेवढंच आलं.

पहिला विषय होता पाणी. मी रस्त्यावरच्या डबक्याचा फोटो टाकला. सगळे म्हणाले, छान चिखल आहे. दुसऱ्या, तिसऱ्या विषयालाही अशीच गत. मग हळूहळू शिकलो. एक नंबर मुंबईत लग्नाचे फोटो काढतो, तो रात्री फोन करून शिकवायचा. मोबाईलची काच आधी पुसायची, कारण आपल्या बोटांचं तेल तिच्यावर असतं आणि मग दिव्यांभोवती धूर दिसतो. चिमटीनं मोठं करायचं नाही, दोन पावलं पुढं जायचं. पडद्यावर उजेडाच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा कमी करायचा, म्हणजे आभाळ पांढरं पडत नाही. भर दुपारी फोटो काढायचा नाही, सावली पायाखाली जाते आणि सगळं सपाट दिसतं.

ऑक्टोबरात विषय आला पिवळा. तुम्हाला माहीतच आहे, आमच्या एमआयडीसीला लागून पट्टणकोडोली, आणि तिथं तेव्हाच विठ्ठल-बिरदेवाची यात्रा. ढोल, मोठमोठ्या छत्र्या, फरांडे बाबांची भाकणूक, आणि अंगावर भंडारा उधळला की माणूस, रस्ता, आभाळ सगळं पिवळंधमक. देशभरातून कॅमेरेवाले येतात. आपल्या वर्गातलेही पाच जण गेले, एकाच्या कॅमेऱ्यात हळद शिरून तो दुरुस्तीला गेला. पाचही जणांचे फोटो सुंदर होते, पण शेजारी शेजारी ठेवले तर कुणाचा कुठला ते कळत नव्हतं. माझी दुसरी शिफ्ट होती, मला जाता आलं नाही. पण त्या दिवशी गेटवर आमचा एक हेल्पर आला, यात्रेतून थेट कामावर. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, कपाळावर, भुवयांत, कानाच्या पाळीत भंडारा. विचारलं, फोटो काढू का? तो म्हणाला, "काढा की, फक्त पुसायला सांगू नका." तो फोटो बाहेर तिसऱ्या क्रमांकावर लावलाय. त्या रविवारी पहिल्यांदा मला एकवीस ओळी आल्या. दहावीच्या निकालालाही मला इतका आनंद झाला नव्हता, आणि निकाल आठवत असेल तर का झाला नव्हता तेही तुम्हाला ठाऊक आहे.

नोव्हेंबरात विषय होता ऊन. आपले विज्ञानाचे सर इथं आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव आपण लहानपणापासून ऐकतो. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात. मला हे नेहमी दोन वेगळे सोहळे वाटायचे. पण त्या आठवड्यात रोज संध्याकाळी दोन शेडच्या फटीतून रस्त्यावर पडणारी उन्हाची पट्टी बघत उभा राहिलो, आणि ती रोज थोडी सरकतेय हे दिसलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. डिसेंबरात २१-२२ तारखेला सूर्य दक्षिणेकडं सगळ्यांत लांब जातो. त्याच्या चाळीस-बेचाळीस दिवस आधी तो क्षितिजावर जिथं मावळतो, तितकेच दिवस नंतर पुन्हा तिथंच मावळतो. म्हणून एकच किरण वर्षातून दोनदा दारातून आत येतो. सर, हे तुम्ही नववीत शिकवलं होतं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो. पन्नाशीत एमआयडीसीच्या रस्त्यावर उभा राहून समजलं.

आणि कलेचं म्हणाल, तर कोल्हापूरच्या माणसानं कारखाना आणि चित्र यांत भिंत कधी घातली नाही. बाबूराव पेंटर मुळात मिस्त्री घराण्यातले. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा त्यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन इथंच कॅमेरा तयार केला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली, ती १९३३ ला पुण्याला गेली. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यासमोरून आपण शंभरदा गेलो असू. ज्या गावात लेथवर कॅमेरा होऊ शकतो, त्या गावच्या फाउंड्रीवाल्यानं मोबाईलवर फोटो काढला तर त्यात नवल काय?

असो. आता मुख्य गोष्ट.

हजेरीत माझ्या पुढचा नंबर ज्याचा, तो बाकावरही माझ्या शेजारीच बसायचा. तो आज इथं आहे. मागं दाराजवळ बसलाय. त्यानं मला सांगितलंय, "बोल, पण नाव घेऊ नकोस, आणि रडगाणं करू नकोस." म्हणून मी त्याला एकतीस नंबर म्हणतो.

एकतीस नंबर माळापलीकडच्या गावातून सायकलनं शाळेत यायचा. आज जिथं पंचतारांकित एमआयडीसी आहे, तो सगळा तेव्हा माळ आणि शेतं. त्यांची जमीन त्या माळावर होती. पाऊस झाला तर जोंधळा आणि भुईमूग, नाही झाला तर गवत. सुट्टीत आम्ही पाच-सहा जण तिथं शेंगा खायला जायचो. त्याचे वडील, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, वेल उपटून द्यायचे आणि म्हणायचे, "खावा, पण टरफलं बांधावर टाका, रानात नको." विहिरीवर पाणी प्यायचो. मी पोहायला तिथंच शिकलो.

पुढं ती जमीन एमआयडीसीत गेली. अनेकांची गेली, त्यांचीही गेली. मी डिप्लोमा करून आधी शिरोलीला, मग २००३ मध्ये कागलला, या पंचतारांकितमध्ये लागलो. त्याच वर्षी एका लग्नात एकतीस नंबर भेटला. पंगतीत शेजारी बसलो. मी नोकरीच्या आनंदात होतो. मी हसत हसत, मोठ्या आवाजात म्हणालो, "मर्दा, तुमचा माळ नुसता पडून होता, आता बघ कसं सोनं झालंय."

तो काही बोलला नाही. जेवला, उठला, गेला. त्यानंतर आमचं बोलणं थांबलं. भांडण नाही, काही नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवायचा. मला वाटलं, माणसं बदलतात, कामात असतात. मी काय बोललो होतो, हे मला आठवतही नव्हतं. ग्रुपवर तो होता, पण त्यानं कधी एक अक्षर टाकलं नाही. नुसत्या दोन निळ्या खुणा.

जानेवारीत माझी पाळी आली. मी विषय दिला चहा. सोपा विषय, सगळ्यांचे फोटो आले. त्याच्या पुढच्या रविवारी एकतीस नंबरची पाळी. सगळ्यांना वाटलं, तो काही देणार नाही, पुढच्याला विचारू. शनिवारी रात्री साडेदहाला त्याचा पहिला निरोप ग्रुपवर आला. एकच शब्द. "बांध."

काय गोंधळ उडाला! पुणे-मुंबईवाल्यांनी विचारलं, बांध आणायचा कुठून? कुणी गच्चीतल्या कुंडीच्या कडेचा फोटो टाकला, कुणी समुद्राकाठच्या भिंतीचा, एकीनं पोळपाटावर पिठाचा बांध घातला. गंमत चालली होती. मला मात्र त्या शब्दानं बेचैन केलं. माझ्या रोजच्या वाटेवर बांध कुठं आहे? तिथं कंपाऊंडच्या भिंती आहेत, तारा आहेत, गटारी आहेत.

शुक्रवारी सुट्टी टाकली आणि मोटारसायकल घेऊन सगळं क्षेत्र फिरलो. ऊस भरलेले ट्रॅक्टर रस्त्यानं चालले होते. दोन-अडीच तास फिरलो. शेवटी एका मोकळ्या प्लॉटच्या कडेला, वाळलेल्या गवतात, मला एक उंचवटा दिसला. त्यावर घायपाताची रांग, एक वेडीवाकडी बाभूळ, चार दगड. वीस-पंचवीस पावलं तो सरळ जातो आणि एका कंपाऊंडच्या भिंतीला टेकून संपतो. भिंतीपलीकडं सिमेंटचं अंगण. मी खाली बसून फोटो काढला. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "इथपर्यंत आहे."

दहा मिनिटांत फोन वाजला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"ह्यो आमचा न्हवं," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ह्यो आमच्या चुलत्यांचा. आमचा तुझ्या मागच्या रस्त्याला, त्या पांढऱ्या शेडखाली गेला. आणि बाभळ म्हणतोस ती दोन होत्या, एक तोडली."

मी म्हटलं, "दाखवतोस का?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "परवा येतो."

रविवारी तो आला. आम्ही पायी फिरलो. माझ्या वीस वर्षांच्या रस्त्यावर तो मला वाट दाखवत होता. इथं गोठा. इथं गवताच्या गंजी. विहीर कुठं होती विचारलं, तर ट्रक उभे राहतात त्या जागेकडं त्यानं हात केला. मी त्याला विचारून त्या हाताचा फोटो काढला. चेहरा नको म्हणाला.

टपरीवर चहा घेताना मी विचारलं, "इतकी वर्षं राग होता का रे?" तेव्हा त्यानं ते लग्न सांगितलं. मी काय बोललो ते शब्द न् शब्द सांगितलं. मग म्हणाला, "मला काय वाटलं न्हाई. खरंच होतं, माळ काय सोनं पिकवत नव्हता. पर आण्णा मागच्या पंगतीत बसले हुते. त्यांनी ऐकलं. घरी आल्यावर मला विचारलं, 'ह्योच का रं तो, शेंगा खायला यायचा?'"

मित्रांनो, यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. आण्णा २००९ मध्ये गेले. त्यांच्यापुढं जाऊन हात जोडायची संधी मी नकळत घालवली. मी एकतीस नंबरची माफी मागितली. तो म्हणाला, "चहाचं बिल दे, झालं." आणि मग सहज म्हणाला, "माझा पोरगा हितंच आहे की, सूतगिरणीत. दुसरी पाळी." म्हणजे ज्या जमिनीबद्दल बापाच्या मनात दुःख आहे, तिथंच लेकाची भाकर आहे. हे दोन्ही खरं आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही. मला हे वीस वर्षं कळलं नव्हतं, कारण मी माझ्या बाजूचं तेवढंच बघत होतो.

त्या रात्री बाराला दहा मिनिटं असताना एकतीस नंबरनं आपला स्वतःचा फोटो टाकला. विषय त्यानंच दिलेला, त्यामुळं टाकणं भाग होतं. व्हरांड्यात शेवटी लावलाय तो. परसात एक काळा, चौकोनी, गुळगुळीत झालेला दगड, त्यावर ओलं कापड आणि साबणाचा फेस. त्यानं खाली काही लिहिलं नाही. आम्हाला वाटलं, धुण्याचा दगड टाकलाय, विषय चुकला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, तो त्यांच्या हद्दीचा दगड. जमीन सोडताना आण्णांनी बैलगाडीत घालून घरी आणला. दारात ठेवायला बरा दिसेना, म्हणून आईनं धुणं धुवायला घेतला. अजून घेतात.

त्या फोटोखाली सव्वीस ओळी आल्या. ग्रुपमध्ये आम्ही सत्तावीसच होतो. सोडून गेलेल्या तिघांपैकी दोघांना कुणीतरी तो फोटो पाठवला, आणि ते आपण होऊन परत आले. राजकारणावर ते आजही भांडतात, पण रविवारी फोटो टाकतात.

आता माझं जवळजवळ संपलं. फोटोचा छंद लावून घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. इथं माझ्यापेक्षा चांगले फोटो काढणारे दहा जण आहेत, आणि माझे निम्मे फोटो अजून वाकडेच येतात. मी एवढंच सांगतो, की खिशात एखादा शब्द घेऊन आठवडाभर फिरलं तर रोजच्या रस्त्यावरही विचारण्यासारखं काहीतरी सापडतं. आणि विचारलं तर माणूस सांगतो. मला वीस वर्षं लागली, तुम्ही इतका वेळ लावू नका.

एक विनंती करून थांबतो. हजेरीपटाची पहिली फेरी पूर्ण झाली आहे. दुसरी फेरी आज सुरू होतेय. आमच्या सगळ्यांची इच्छा आहे की तिचा पहिला विषय चित्रकलेच्या सरांनी द्यावा. सर, तुम्ही आम्हाला दर शनिवारी फळ्यावर एक शब्द लिहून द्यायचात आणि चित्र काढा म्हणायचात. मी दर वेळी डोंगर, सूर्य आणि नारळाचं झाड काढायचो, विषय कुठलाही असो. या वेळी तसं करणार नाही.

सर, फळा पुसून ठेवलाय. खडू टेबलावर आहे.